आगोटीआधीचे पाच दिवस

पहिला दिवस : पनवेल ते अलिबाग

मे महिन्याचा दुसरा पंधरवडा लागला की कोकणातल्या घरांत एकच लगबग सुरू होते. अंगणात आमसुलं वाळत पडतात, सुके बोंबील आणि जवळा डब्यांत भरला जातो, मसाला कुटून होतो, लाकूडफाटा पडवीत रचला जातो, कौलं चाळून होतात. पाऊस लागला की बाजार लांब पडतो, म्हणून चार महिन्यांचं आधीच भरून ठेवायचं. आमच्याकडे याला आगोट म्हणतात.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी आपत्तीत मदतीचं काम करणाऱ्या एका लहान संस्थेबरोबर आहे. संस्थेची आगोटही याच दिवसांत चालते. ताडपत्र्या, सुंभाचे दोर, चादरी, भांड्यांचे संच, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, घमेली, फावडी असं सगळं मोजून, बांधून किनाऱ्यावरच्या तालुक्यांत नेऊन ठेवायचं. यंदा मी अण्णांबरोबर गेले. अण्णा आमचं गोदाम सांभाळतात. टेम्पो चालवायला आमचा नेहमीचा चालकदादा होता. पाच दिवसांत अलिबागपासून चिपळूणपर्यंत समुद्राच्या कडेकडेने जायचं, सामान उतरवायचं आणि प्रत्येक ठिकाणी सरकारी यादी आणि आमची यादी शेजारी ठेवून जुळवायची, एवढंच काम. पण मला विचाराल तर या यादीतच सगळं आहे.

पेण, वडखळ, पोयनाड करत दुपारी अलिबागला पोचलो. मान्सूनपूर्व आढावा बैठक होती. महसूल, पोलीस, आरोग्य, महावितरण, बांधकाम, मत्स्यव्यवसाय असे सगळे विभाग आणि शेवटच्या रांगेत आम्ही संस्थावाले. पूर्वी आम्हाला बैठकीला बोलावतच नसत. संकट आल्यावर फोन यायचा, "तुमच्याकडून काय मिळेल?" २००५ साली आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्याने प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण नेमलं, जिल्हाधिकारी अध्यक्ष आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष. गावपातळीवर काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांना सोबत घेण्याचं कामही त्या प्राधिकरणाकडेच दिलं आहे. कायद्यात लिहिलेलं जमिनीवर उतरायला किती वर्षं लागतात ते मी शेवटच्या रांगेत बसून पाहिलं आहे, म्हणून ती खुर्ची मला लहान वाटत नाही. रेडक्रॉसची गोष्ट वेगळी. भारतीय रेडक्रॉस १९२० च्या कायद्याने उभी राहिली, तिच्या जिल्हा शाखेचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात आणि शासनाला पूरक म्हणून काम करणं हे तिच्या घडणीतच आहे. आमच्यासारख्या लहान संस्थांना ती जागा दरवर्षी नव्याने मिळवावी लागते.

बैठक दीड तास चालली. धोक्याची गावं, दरडप्रवण वाड्या, पर्यायी रस्ते, जेसीबी कोणाकडे, नियंत्रण कक्षाचा १०७७ क्रमांक चोवीस तास चालू ठेवणं. लिहून घेण्यासारखं होतं ते घेतलं. बाहेर आल्यावर आपदा मित्र या स्वयंसेवक योजनेचं प्रशिक्षण घेतलेला एक पोरगा भेटला. कोळीवाड्यातला, बारावी झालेला. दोरीच्या गाठी, छाती दाबून हृदयाला चालना देणं, बुडणाऱ्याला मागून कसं धरायचं, सगळं उत्साहाने सांगत होता. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये ३० पूरप्रवण जिल्ह्यांपासून ही योजना सुरू केली, पुढे ती वाढवली. मी त्याला विचारलं, "पोहायला कोणी शिकवलं?" तो हसला. "बाई, आम्हाला काय शिकवायचं?"

दुसरा दिवस : आगरदांडा, दिघी, श्रीवर्धन

सकाळी रेवदंडा, काशीद, मुरूड. आगरदांड्याला टेम्पो फेरीबोटीवर चढवला. एका बाजूला जंजिरा, समोर दिघी. खाडीवर वारा नव्हता, पाणी तेलासारखं पडून होतं. होड्या किनाऱ्यावर ओढायला सुरुवात झाली होती. १ जूनपासून मासेमारी बंद, त्याआधीच बरेच जण जाळी सोडवून, धुऊन, गुंडाळून ठेवतात.

३ जून २०२० ला याच पट्ट्यावर निसर्ग चक्रीवादळ आलं. दुपारच्या भरात, ताशी १०० किलोमीटरच्या वर वारा. बाहेर टाळेबंदी होती, मुंबईतले चाकरमानी नुकतेच गावी परतले होते, घरं माणसांनी भरलेली होती. आम्ही पाचव्या दिवशी माणगावहून म्हसळ्याच्या रस्त्याने आत आलो. रस्ताभर आडवी झाडं. एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची माणसं आणि गावातली पोरं मिळून ती कापत होती. कापलेल्या ओंडक्यांमधून जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट. फोन नाही, वीज नाही. विजेचे खांब काडीसारखे मोडून पडले होते. काही गावांत वीज यायला महिना गेला.

श्रीवर्धनजवळच्या ज्या वाडीत आम्ही तेव्हा उतरलो होतो तिथेच या वेळी मुक्काम केला. वाडीच्या काकू आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्या आगरात माड, पोफळी, मधे जायफळ, मिरवेली, पाटाचं पाणी. २०२० मध्ये मी तिथे पहिल्यांदा शिरले तेव्हा ऊन थेट जमिनीवर पडलं होतं. पोफळीच्या आगरात असं ऊन कधी पडत नाही, दुपारीही हिरवा काळोख असतो. पोफळी एकावर एक पडलेल्या होत्या. काकू पाटाच्या कडेला बसून होत्या. रडत नव्हत्या, मोजत होत्या.

श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. पोफळ लावल्यापासून चांगलं पीक यायला सात-आठ वर्षं जातात, आणि माडाचंही तसंच. नुकसानभरपाई सुरुवातीला हेक्टरी ५० हजारांच्या हिशेबाने होती. पण कोकणातली वाडी गुंठ्यांत मोजतात. १० गुंठ्यांत ज्याची शंभर-दोनशे पोफळ, त्याच्या हातात हेक्टरच्या दराने काय येणार? लोकांनी ओरड केली, लोकप्रतिनिधींनी मांडलं, आणि पुढे शासनाने झाडामागे दर लावला, माडाला २५० रुपये, पोफळीला ५०. रक्कम म्हणून थोडीच. पण पंचनामा करणाऱ्याला आता आगरात शिरून झाडं मोजावी लागली, आणि काकूंच्या मोजण्याला कागदावर जागा मिळाली.

या वेळी आगरात नव्या पोफळी माणसाच्या दुप्पट उंच झालेल्या पाहिल्या. ऊन अजून पडतं, पण तुकड्यातुकड्यांनी. काकूंनी फणसाची भाजी आणि घावने केले. जेवताना म्हणाल्या, "तुम्ही लोकांनी तेव्हा दिलंत ते धान्य दोन महिन्यांत संपलं. पण तुमच्यातल्या त्या मुलाने माझा अर्ज लिहून दिलान, झाडांचे फोटो काढून लावलेन, ते अजून पुरतंय." मी ते लिहून ठेवलं. संस्थेने धान्य द्यायचं की अर्ज लिहायला माणूस द्यायचा, हा वाद आमच्या बैठकांत दरवर्षी होतो. माझं मत काकूंच्या बाजूने आहे. धान्य रेशनच्या दुकानातूनही येऊ शकतं. अर्ज लिहायला, उतारे शोधायला, बँकेचं खातं आधारला जोडून द्यायला जो माणूस दारात बसतो, तो तिथून येत नाही.

एक चूक मात्र मनातून जात नाही, ती इथेच लिहिते. त्याच जूनमध्ये एका गावात आम्ही रस्त्याला लागून असलेल्या वाडीत सामान वाटलं. लोक समोर होते, गरज दिसत होती, कोणाला विचारायचं सुचलं नाही. संध्याकाळी कळलं की त्याच वाडीत आदल्या दोन दिवसांत आणखी दोन गटांनी वाटप केलं होतं, आणि डोंगरामागच्या वाडीत कोणीच पोचलं नव्हतं. गावचा कोतवाल ते सांगू शकला असता. आम्ही त्याला विचारलंच नाही.

तिसरा दिवस : डोंगरामागची वाडी

आज समुद्र सोडून आत गेलो, श्रीवर्धन आणि म्हसळ्याच्या मधल्या डोंगरात. एक कातकरीवाडी आहे. टेम्पो खालीच ठेवावा लागतो, मग वीस मिनिटं चढ. सोबत तलाठीभाऊसाहेब, आशाताई म्हणजे गावच्या आरोग्य स्वयंसेविका, आणि गावचे पोलीस पाटील. आता तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात सगळे भाऊसाहेबच म्हणतात.

ही सगळी यात्रा मी या एका दिवसासाठी केली असं म्हटलं तरी चालेल.

घर पडलं की सरकारी मदतीसाठी पंचनामा होतो. पंचनाम्यात घरमालकाचं नाव लागतं, आणि ते नाव ग्रामपंचायतीच्या असेसमेंटच्या उताऱ्यावरून येतं. ज्याच्या नावाने घरपट्टी, त्याचं घर. कातकऱ्यांची बरीच वस्ती दुसऱ्याच्या जमिनीवर आहे, पिढ्यान्‌पिढ्या. घर आहे, चूल आहे, दाराशी शेवग्याचं झाड आहे, उतारा नाही. निसर्गमध्ये या वाडीतलं एकही छप्पर जागेवर राहिलं नव्हतं, आणि पहिल्या यादीत या वाडीचं एकही नाव नव्हतं. तलाठ्याने मुद्दाम वगळलं असं नाही. त्याच्या हातातल्या रकान्यांत या माणसांना बसायला जागाच नव्हती.

तेव्हा काय झालं ते सांगते. आमच्या संस्थेला उतारा लागत नाही. आम्ही घरं मोजली, माणसं मोजली, ताडपत्र्या आणि भांडी दिली. इथे काम संपलं असतं तर पुढच्या वादळाला हीच माणसं पुन्हा यादीबाहेर राहिली असती. त्या वेळच्या ग्रामसेवकांनी आमची मोजणी घेतली, वाडीत येऊन स्वतः घर आणि घर पाहिलं, पोलीस पाटलांचा जबाब लावला आणि राहत असल्याच्या नोंदीसह ती यादी तहसीलला पाठवली. मग फेरपंचनामा झाला. सगळ्यांना नाही, पण बऱ्याच घरांना पैसे मिळाले. आमच्याकडे पैसा थोडा आणि मोकळा असतो. सरकारकडे पैसा मोठा असतो पण कागदाला बांधलेला. त्या ग्रामसेवकांनी आमचा कागद आपला मानला आणि त्यावर स्वतःची सही केली. सही करायला धाडस लागतं, कारण उद्या ऑडिटमध्ये विचारतात ते त्यांना, आम्हाला नाही.

आज वाडीत पोचलो तेव्हा बरीच घरं नुकतीच उघडलेली होती. कातकरी दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ते मे अखेरीस परततात. दाराला गवताची पेंढी आडवी लावून गेलेले लोक कालपरवा आले होते, काही यायचे होते. भाऊसाहेबांच्या हातातली धोक्याच्या घरांची यादी जानेवारीत केलेली. त्यात या वाडीत अकरा घरं, कारण जानेवारीत अकराच घरांत माणसं होती, तीही म्हातारी. आशाताईंच्या वहीत सत्तावीस. आशाताई गरोदर बायांची आणि लहान मुलांची नोंद ठेवतात, कोण कुठल्या भट्टीवर गेलंय नि कधी येणार ते त्यांना तोंडपाठ. दोन्ही याद्या एका ओट्यावर ठेवल्या. भाऊसाहेब बराच वेळ गप्प होते. मग पेन काढून म्हणाले, "ताई, तुम्ही वाचा, मी लिहितो."

तो एक तास मी कधी विसरणार नाही. घराचं नाव, माणसं किती, म्हातारं कोण, चालता न येणारं कोण, मूल किती महिन्यांचं, फोन आहे का, नसला तर कोणाच्या फोनवर निरोप द्यायचा. एका घराशी भाऊसाहेब थांबले. "यांचं नाव कसं लावू? उतारा नाही." पोलीस पाटील म्हणाले, "राहतो असं लावा. मी सही करतो."

लिहिणं चालू असताना अण्णा एका आजोबांना नवी ताडपत्री उलगडून दाखवत होते. चार मीटर बाय सहा मीटर, कडेला रिंगा, दोन्ही बाजूंनी पातळ लेप. आजोबांनी रिंगेत बोट घालून ताणलं, मान हलवली. मग जमिनीवरचा लिंबाएवढा गुळगुळीत गोटा उचलला, ताडपत्रीच्या कडेपासून वीतभर आत खालच्या बाजूने धरला, वरून कापड त्याच्याभोवती आवळलं आणि गळ्याशी सुंभाचा फास घातला. गोटा आत, फास बाहेर. ओढून पाहा म्हणाले. अण्णांनी ओढलं, मी ओढलं, चालकदादाने सगळा भार टाकून ओढलं. फास अजून घट्ट बसला. "रिंगा फाटती," आजोबा म्हणाले, "गोटा नाय फाटत." नायलॉनचा दोर त्यांनी बाजूला सारला, ओला झाला की सरकतो म्हणाले. सुंभ पाणी पितो नि गाठ धरतो. अण्णांनी तिथल्या तिथे ठरवलं की यापुढे प्रत्येक ताडपत्रीबरोबर सुंभच जाणार, आणि या गोट्याच्या गाठीचं चित्र काढून गठ्ठ्यात घालायचं.

दुपारी खालच्या गावातली शाळा पाहिली. निवाऱ्याच्या तक्त्यात शाळेच्या एका वर्गापुढे '४० व्यक्ती' लिहिलेलं. मुख्याध्यापकांकडून टेप घेतली. पंचवीस फूट लांब, वीस फूट रुंद. मानवतावादी मदतीची जी स्फिअर नावाची जगभर मानली जाणारी किमान मानकं आहेत, त्यांत निवाऱ्यात माणशी साडेतीन चौरस मीटर जागा धरतात, म्हणजे जवळपास अडतीस चौरस फूट. पाचशे भागिले अडतीस, तेरा माणसं. चाळीस नव्हे. एका रात्रीपुरती दाटी करता येते हे मलाही मान्य. पण दरडीच्या भीतीने हलवलेली वाडी एका रात्रीत परत जात नाही, पाऊस थांबेपर्यंत राहते. शौचालयाचं मानक वीस माणसांमागे एक, पाण्याचं माणशी दिवसाला पंधरा लिटर. शाळेत मुलांची दोन शौचालयं, एकाचं दार निघालेलं. सरपंचताई आमच्या मागोमाग फिरत होत्या. त्यांनी दाराचं काम ग्रामपंचायतीच्या निधीतून आठवड्यात करते म्हणून सांगितलं, आणि समाजमंदिर, दोन मोठी घरं नि अंगणवाडी तक्त्यात वाढवून घेतली. पाण्याच्या टाकीला आमची मदत ठरली. हे सगळं शाळेच्या व्हरांड्यात उभ्याउभ्या झालं.

भाऊसाहेबांनी निघताना यादीची एक प्रत मला दिली, एक आशाताईंना. वाडीतली अजून पाच घरं यायची होती. ती आली की कळवतो म्हणाले.

चौथा दिवस : बागमांडला, वेसवी, दापोली

आज फार काही लिहिण्यासारखं नाही. हरिहरेश्वराचं दर्शन घेतलं. बागमांडल्याच्या फेरीबोटीसाठी बराच वेळ थांबलो, भरती येईपर्यंत टेम्पो चढवायला नको असं नावाडी म्हणाले.

बोट जिथून जाते ते सावित्रीचं मुख. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वर महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला, दोन एसटी गाड्या नि इतर वाहनं नदीत गेली. नौदल, तटरक्षक दल, एनडीआरएफ शोध घेत होते, आणि त्यांच्याबरोबर या खाडीतले होडीवाले. पाण्याची ओढ कुठे, वाळूचा दांडा कुठे, ओहोटीला काय कुठे अडकतं हे यंत्रावर दिसत नाही, ते यांनाच ठाऊक. बोटीवरच्या एका वयस्क नावाड्याने हात दाखवत सांगितलं, "त्या दांड्यापाशी." पुढे तो बोलला नाही, मीही विचारलं नाही.

पलीकडे वेसवी, मग मंडणगड. मंडणगड तालुक्यातल्या एका गावात जलसुरक्षक विहिरीचं पाणी तपासत होता. काचेच्या नळीत पाणी घेऊन ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या द्रावणाचे थेंब टाकले की पाणी पिवळं व्हायला हवं. पिवळं झालं तर क्लोरीन आहे. त्याच्या नळीतलं पाणी पांढरंच राहिलं. त्याने टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंग पावडरची पिशवी उघडून दाखवली, पावडर ओल लागून गोळा झालेली, वास गेलेला. आमच्या टेम्पोत झाकणाच्या डब्यांतली होती, त्यातला एक डबा दिला आणि पावतीवर ग्रामपंचायतीचा शिक्का घेतला. पुरात पहिले दोन दिवस लोक पाण्याने मरतात, नंतरचे पंधरा दिवस पाणी पिऊन आजारी पडतात. कोरडा डबा ही फार मोठी गोष्ट आहे.

रात्री दापोली.

पाचवा दिवस : दाभोळ, गुहागर, चिपळूण

दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने गेलो. ही खाडी म्हणजे वाशिष्ठी. चिपळूणचं पाणी इथून समुद्राला मिळतं, आणि समुद्राला भरती असली की मिळत नाही, तुंबून राहतं. २२ जुलै २०२१ ला हेच झालं. घाटावर आणि खाली धो धो पाऊस, खाडीला भरती, नदीपात्र गाळाने भरलेलं. कोयनेच्या वीजगृहांतून निघणारं पाणीही कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीतच येतं, त्यावरून पुढे बराच वाद झाला. बाजारपेठेत पाणी पहिल्या मजल्याला लागलं. एसटी आगारातली रोकड वाचवायला आगार व्यवस्थापक तासन्‌तास एका गाडीच्या टपावर बसून राहिले. १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी शिरलं, हजारो पुस्तकं चिखल झाली. २००५ च्या पुरातही त्या ग्रंथालयाने हेच सोसलं होतं.

त्या पुराच्या तिसऱ्या दिवशी मी चिपळुणात होते. गुडघाभर चिखल, आणि चिखलाचा तो वास. शहराला त्या दिवशी फावडी हवी होती, घमेली, झाडू, गमबूट, पाण्याचे पंप, लेप्टोच्या, म्हणजे पुराच्या पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाच्या गोळ्या. आणि येत होते जुने कपडे. ट्रकच्या ट्रक. भावना खरी होती, लोकांनी घरातून काढून दिलेले. पण ते ठेवायला कोरडी जागा नव्हती, रस्त्याच्या कडेला ढीग लागले, ते भिजले आणि साफ करायच्या कचऱ्यात त्यांची भर पडली. तेव्हापासून आमच्या प्रत्येक पत्रकात पहिली ओळ असते : तालुक्याच्या नियंत्रण कक्षाला विचारल्याशिवाय काहीही पाठवू नका.

पण चिपळूणची मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट पुराच्या दिवसांतली नाही, नंतरची आहे. डिसेंबर २०२१ मध्ये चिपळूण बचाव समितीच्या झेंड्याखाली नागरिक साखळी उपोषणाला बसले. मागणी एकच, वाशिष्ठी आणि शिवनदीतला गाळ काढा. शासन हललं. २०२२ मध्ये जलसंपदा विभागाबरोबर नाम फाउंडेशनही नदीत उतरलं. यंत्रं नामची, डिझेल सरकारचं. मला ही वाटणी फार पटते. कोणी कोणाच्या जागी बसलं नाही. नदी सरकारची, मोजमाप आणि परवानगी सरकारची, यंत्रं आणली संस्थेने, आणि दोघांना हलवलं गावाने. आज पुलावर उभं राहून पात्र पाहिलं. काठाने काढलेल्या गाळाचे बांध अजून दिसतात, त्यांवर गवत आलंय. गाळ दर पावसात पुन्हा येतो, त्यामुळे हे काम एकदाचं नाही. गाळ काढायच्या तारखाही आगोटीसारख्या दरवर्षी ठरलेल्या असायला हव्यात.

दुपारी थोडा वेळ काढून अलोऱ्याला गेलो. २ जुलै २०१९ च्या रात्री तिवरे धरण फुटलं, भेंदवाडी वाहून गेली. त्या लोकांसाठी अलोऱ्यात, कोयना प्रकल्पाच्या जुन्या वसाहतीच्या जागेत, सिद्धिविनायक मंदिर न्यासाच्या पैशातून घरं उभी राहिली. जमीन सरकारची, पैसा देवाच्या दानपेटीतला. एका घरासमोर बाई तांदळाचे पापड वाळत घालत होत्या. घर कसं आहे विचारल्यावर म्हणाल्या, "घर चांगलं आहे. शेत तिकडे राहिलं." मी पापड उलटायला हात लावला. आणखी काय करणार होते!

संध्याकाळी चिपळुणात शेवटचं सामान उतरवायचं होतं. गेल्या वर्षी ते बाजाराजवळच्या एका तळमजल्यात होतं, सरकारने आखलेली निळी पूररेषा त्याच्या दारावरून जाते. या वेळी उंचावरच्या एका सार्वजनिक इमारतीत खोली मिळाली. ताडपत्र्या जमिनीपासून हातभर वर फळ्यांवर रचल्या. वहीत नोंद झाली. मग कुलुपाचा प्रश्न आला. स्थानिक प्रशासनाच्या बाबूंनी दोन कुलुपं आणली होती. एक त्यांचं, एक संस्थेचं. दोघं हजर असल्याशिवाय दार उघडायचं नाही, म्हणजे सामानाची जबाबदारी नीट राहते. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. सामान हरवलं तर त्यांच्या पगारातून वसुली होते.

अण्णा म्हणाले, "साहेब, २२ जुलैला पहाटे तुम्ही कुठे होतात?"

"घरात. गच्चीवर."

"आणि आमचा माणूस शहराच्या दुसऱ्या टोकाला. मधे पाणी. दोन कुलुपं असती तर दार उघडलं असतं का?"

ते थोडा वेळ कडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, एक कुलूप ठेवू, किल्ल्या दोन. एक आमच्याकडे, एक तुमच्याकडे. जो आधी पोचेल त्याने उघडायचं, वहीत लिहायचं, दुसऱ्याला फोन करायचा. वही दाराच्या आतल्या बाजूला खिळ्याला टांगली. बाहेर दारावर तेलरंगाने दोन्ही फोन नंबर लिहिले, मोठ्या अक्षरांत, विजेरीच्या उजेडात वाचता येतील असे.

त्याच वेळी माझा फोन वाजला. म्हसळ्याकडचे तलाठीभाऊसाहेब. राहिलेल्या पाचपैकी चार घरं भट्टीवरून परतली, नावं घातली. पाचव्या घरातली बाई बाळंतपणाला माहेरी थांबली आहे, आशाताईंनी तिचा नंबर मिळवलाय. "बाई, तुमच्या प्रतीत लिहून घ्या," म्हणाले. मी गोदामाच्या पायरीवर बसून लिहून घेतलं. आत अण्णा नवं कुलूप दोन्ही किल्ल्यांनी आळीपाळीने उघडून बघत होते.